व्हिडिओ कॉलवर स्वमग्नता ओळखता येते का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात या सदरात उशिरा बोलणाऱ्या मुलांविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर होता: दोन-अडीच वर्षांच्या मुलाची स्वमग्नतेसाठीची, म्हणजे ऑटिझमसाठीची, तपासणी मोबाइलच्या पडद्यावर होऊ शकते का, आणि झाली तर तिच्यावर किती विसंबावे. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही वडसा-देसाईगंजला राहतो. मुलगा 22 महिन्यांचा आहे. हाक मारली तर वळत नाही, एकही शब्द बोलत नाही, आणि काही हवे असले की माझे मनगट धरून मला त्या वस्तूपाशी नेतो. येथील बालरोगतज्ज्ञांनी स्वमग्नतेची शंका सांगून नागपूरला पाठवले. तेथे प्रत्यक्ष भेटीची तारीख अडीच महिन्यांनंतरची मिळाली. तोवर व्हिडिओवर तपासणी करून घ्या, असे सांगितले. सासूबाई म्हणतात, ‘पोराले हात न लावता डॉक्टरले काय समजन?’ त्यांचे चुकते का?

उत्तर : ताई, सासूबाईंचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. त्या अर्ध्याकडे मी नंतर येते. आधी उरलेल्या अर्ध्याविषयी.

स्वमग्नता रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही आणि नाडी पाहूनही कळत नाही. 2013 पासून वापरात असलेल्या डीएसएम-5 या निकषसंचानुसार तिचे निदान दोन गोष्टींवर उभे असते: मूल इतरांशी संवाद आणि देवाणघेवाण कसे करते, आणि त्याच्या वागण्यात, खेळण्यात, आवडीनिवडीत तोचतोपणा किंवा स्पर्श, आवाज, प्रकाश यांबाबतचे वेगळेपण किती आहे. या दोन्ही गोष्टी डोळ्यांनी पाहायच्या आणि पालकांकडून तपशीलवार ऐकायच्या असतात. दवाखान्यातदेखील मी यातले बहुतेक काम मुलाला हात न लावताच करते. उलट, सहा तासांचा प्रवास करून आलेले, झोपमोड झालेले, पांढरा कोट पाहताच आईच्या खांद्यात तोंड खुपसणारे मूल त्या अर्ध्या तासात मला स्वतःचे जे रूप दाखवते, त्यापेक्षा तुमच्या घरच्या ओसरीवर बसलेले मूल अधिक खरे असते.

ही पद्धत महासाथीतली घाईची सोय म्हणून जन्मलेली नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यात तज्ज्ञांपासून दूर राहणाऱ्या कुटुंबांसाठी व्हँडरबिल्ट विद्यापीठातील चमूने तिच्यावर आधीपासूनच काम चालवले होते, आणि तेथूनच टेली-एएसडी-पेड्स हे तीन वर्षांखालील मुलांसाठीचे साधन आले. 2020 मध्ये दवाखाने बंद पडले, मास्कमुळे मुलाला समोरच्याचा चेहराच दिसेनासा झाला, आणि समोरासमोर करायची प्रमाणित एडॉस-2 चाचणी नियमाप्रमाणे करणे अशक्य झाले, तेव्हा या साधनाचा वापर झपाट्याने पसरला.

त्याची रचना समजून घेतली तर सासूबाईंची शंका बरीचशी फिटेल. तज्ज्ञ पडद्यावरून मुलाशी बोलत बसत नाही. दोन वर्षांच्या मुलाने पडद्यावरच्या अनोळखी बाईकडे लक्ष द्यावे ही अपेक्षाच नसते. तज्ज्ञ तुमच्याशी बोलते आणि चाचणी तुमच्या हातून घडवून घेते. मुलाला थोडा वेळ मोकळे खेळू द्या, आता नावाने हाक मारा, आता खोलीतल्या दूरच्या वस्तूकडे बोट करून ‘ते बघ’ म्हणा, आता नेहमीचा गुदगुल्यांचा किंवा भो-कुकचा खेळ खेळा, आता ‘एक, दोन, साडेमाडे…’ म्हणून थांबा आणि तो ‘तीन’ची वाट कशी पाहतो ते दिसू द्या, आता काही क्षण त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

यातला माझा आवडता प्रसंग खाऊचा आहे. झाकण घट्ट लावलेली पारदर्शक बरणी, आत मूठभर मुरमुरे किंवा संत्र्याच्या दोन फोडी. आई ती मुलासमोर ठेवते आणि गप्प राहते. एक मूल बरणी उचलते, झाकणाशी झटते, मग आईकडे पाहते, बरणीकडे पाहते, ‘उं’ करते आणि बरणी तिच्या हातात देते; नजर, हात आणि आवाज ही तिन्ही एकाच वेळी आईशी बोलत असतात. दुसरे मूल आईचा हात मनगटापाशी धरून झाकणावर आपटते, जणू तो हात म्हणजे एक पकड किंवा चावी आहे. त्या सबंध वेळात त्याची नजर आईच्या चेहऱ्यापर्यंत जात नाही. तिसरे मूल मुरमुरे विसरून बरणी डोळ्यांजवळ धरते आणि तिच्यातून येणारा उजेड फिरवून फिरवून पाहत बसते. हे पाहण्यासाठी मी त्याच खोलीत असण्याची गरज नसते; माझ्या सूचनेने आई दहा सेकंद खरोखर गप्प राहिली, एवढे पुरते. (आयांना हेच सर्वांत कठीण जाते. ‘अगं, तो मागतोय, दे ना त्याला!’ असा आजीचा आवाज पडद्याबाहेरून येतोच.)

यानंतर तज्ज्ञ सात गोष्टींना प्रत्येकी 1 ते 3 असे गुण देते: मूल दुसऱ्याला उद्देशून शब्द वा आवाज काढते का, नजर वारंवार आणि सहज मिळवते का, नजर-खुणा-आवाज यांची सांगड घालते का, वेगळे आवाज, वेगळा किंवा तोचतोच खेळ, शरीराच्या तोचतोच हालचाली, आणि वास-स्पर्श-दृश्यांविषयीचे असाधारण कुतूहल किंवा त्रास. पण निव्वळ बेरजेवर निदान होत नाही. तुमच्याकडून घेतलेला जन्मापासूनचा इतिहास, घरातली रोजची वागणूक आणि मुलाच्या एकंदर वाढीची पातळी तिच्याशेजारी ठेवावी लागते. म्हणून सबंध कॉल एक-दीड तासाचा होतो, आणि त्यात मुलाला पाहणे थोडा वेळ व तुम्हाला ऐकणे बराच वेळ असते.

आता सासूबाईंचे बरोबर असलेले अर्धे. डोक्याचा घेर टेपने मोजावा लागतो. अंगावर फिकट किंवा कॉफीच्या रंगाचे डाग आहेत का हे चांगल्या उजेडात जवळून पाहावे लागते, कारण काही आनुवंशिक आजार त्वचेवर आधी दिसतात आणि त्यांच्याबरोबर स्वमग्नताही असू शकते. स्नायूंचा ताण, चाल, चेहऱ्याची ठेवण यांना पडदा न्याय देत नाही. कानांची तपासणी तर व्हिडिओवर होऊच शकत नाही. म्हणून प्रत्यक्ष भेटीची तारीख रद्द करू नका. पण त्या अडीच महिन्यांत मुलगा 24 महिन्यांच्या पुढे गेलेला असेल, आणि हे दिवस रिकामे घालवण्याचे काही कारण नाही. व्हिडिओ तपासणीत चित्र स्पष्ट दिसले तर घरी करायच्या संवादाच्या कामाला त्याच आठवड्यात सुरुवात करता येते.

विसंबावे किती, याचे माझे उत्तर असे आहे: पडद्यावर जे स्पष्ट दिसले त्यावर विसंबावे, जे दिसले नाही ते मुलात नाहीच, असे मानू नये. ठळक लक्षणे असलेल्या लहान मुलांत व्हिडिओवरचा निष्कर्ष आणि नंतरच्या प्रत्यक्ष भेटीतला निष्कर्ष बहुधा जुळतात. ज्यांची लक्षणे पुसट आहेत, जी थोडेफार बोलतात, त्यांच्या बाबतीत मात्र ‘काही नाही’ हा व्हिडिओवरचा निर्वाळा मी स्वतः अंतिम मानत नाही.

प्रश्न : मानेवाडा भागात राहतो. मुलीची व्हिडिओ तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. खोलीत काय तयारी करावी? नवीन खेळणी आणावीत का?

उत्तर : नवीन खेळणी नकोत, ती नवी असल्यामुळेच मूल त्यांत हरवते आणि आमचा निष्कर्ष चुकू शकतो. घरातल्याच चार-पाच वस्तू पुरतात: चाकांची गाडी, चेंडू, बाहुली आणि भातुकलीतला वाटी-चमचा, साबणाचे फुगे करायची बाटली, आणि वर सांगितलेली बरणी. बाकीची खेळणी कपाटात बंद करा. टीव्ही बंद हवा. ज्या मोबाइलवर मुलगी गाणी पाहते तोच मोबाइल कॉलसाठी वापरलात तर ती पूर्ण वेळ तो हिसकावण्यात घालवील, म्हणून दुसरा वापरा.

मोबाइल उंचावर ठेवू नका. वरून पाहिले की मुलाचे केस दिसतात, डोळे नाहीत. पाटावर किंवा उशीला टेकवून, बसलेल्या मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर, खिडकीकडे पाठ करून ठेवा, म्हणजे उजेड मुलाच्या तोंडावर पडेल. आईने कॅमेऱ्याच्या शेजारी, मुलाच्या समोर बसावे. आई मुलाच्या मागे बसली तर ते तिच्याकडे पाहते की नाही हे कुणालाच कळणार नाही.

आता एक खास आपल्याकडची अडचण. नागपूरच्या उन्हाळ्यात घरातला कूलर चालू असतो, आणि त्याचा घरघराट मोबाइलचा माइक इतका आवडीने उचलतो की आईची हाक मला ऐकू येत नाही. मुलाला ती आली की नाही हेही सांगता येत नाही. हाकेला प्रतिसाद नाही असे कागदावर लिहायचे आणि दोष कूलरचा असायचा, असा प्रकार नको. कूलर बंद केला तर वीस मिनिटांत मूल घामाने हैराण होते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत मी सकाळी आठच्या आतली वेळ देते. तुम्हाला दुपारची वेळ मिळाली असेल तर बदलून मागा. तो हट्ट रास्त आहे.

हाक मारताना मुलीला घरात ज्या नावाने बोलावता तेच वापरा. बारशाचे नाव वेगळे आणि रोजचे ‘छकुली’ असेल तर छकुलीच. हाकेबरोबर टाळी, चुटकी किंवा खाऊचे नाव जोडू नका, आणि आजी-आजोबांना प्रेमाने शेजारच्या खोलीत बसवा.

प्रश्न : मी महाल येथे राहणारा निवृत्त शिक्षक आहे. नातू दीड वर्षाचा आहे. टीव्हीवर ठरावीक जाहिरात लागली की दुसऱ्या खोलीतून धावत येतो, पण हाकेला ओ देत नाही. सुनेला स्वमग्नतेची धास्ती वाटते आणि ती ऑनलाइन तपासणी करून घेऊ पाहते. आमचा मुलगाही तीन वर्षांनंतर बोलला होता. थोडे थांबण्यात काय बिघडते?

उत्तर : आजोबा, नमस्कार. वडील उशिरा बोलले म्हणून मुलगा उशिरा बोलतो, असे घडते. पण सूनबाईंची काळजी शब्दांपुरती नाही, हाकेला न वळण्याची आहे. केवळ उशिरा बोलणारे मूल शब्दांवाचूनही भरपूर ‘बोलते’: बोटाने कावळा दाखवते, दाखवून झाल्यावर तुम्ही पाहिला की नाही हे तुमच्या चेहऱ्याकडे वळून तपासते, टाटा करते, तुम्ही चष्मा लावला की लाकडी पट्टी डोळ्यांना लावून तुमची नक्कल करते. नातू हे सारे करत असेल तर तुमचा अंदाज बरोबर ठरण्याची शक्यता चांगली आहे. 12 महिन्यांपर्यंत बोबडे ‘बाबाबा’ किंवा हातांच्या खुणा नसणे, 16 महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे, 24 महिन्यांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडून न बोलणे, आणि कोणत्याही वयात आलेले शब्द किंवा हसणे-पाहणे मागे जाणे, यांपैकी काहीही असेल तर थांबू नये.

टीव्हीकडे धावतो म्हणजे ऐकू येते, हा तर्क मात्र सोडून द्या. काही विशिष्ट पट्टीचे आवाज ऐकू येणाऱ्या आणि बोलण्याचे बारीक आवाज नीट न ऐकू येणाऱ्या मुलांना जाहिरातीचे संगीत पुरेसे असते. ओएई आणि बेरा या ऐकू येते का हे पाहणाऱ्या चाचण्या आधी करून घ्या. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातील शासकीय रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात त्यांविषयी चौकशी करता येईल.

व्हिडिओ तपासणीच्या आधी आणखी एक सोपी पायरी आहे. एम-चॅट-आर ही 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठीची 20 प्रश्नांची हो-नाही प्रश्नावली सूनबाईंना त्यांच्या बालरोगतज्ज्ञांबरोबर भरता येईल. गुण 0 ते 2 आले तर धोका कमी, आणि दोन वर्षे पूर्ण झाल्यावर ती पुन्हा भरायची; 3 ते 7 आले तर काही प्रश्न खोलात जाऊन पुन्हा विचारायचे; 8 किंवा अधिक आले तर सरळ तज्ज्ञांकडे. ही चाळणी आहे, निदान नाही. चाळणीत अडकलेल्या काही मुलांना पुढे स्वमग्नता नसते, पण त्यांतल्या पुष्कळांना वाढीबाबत दुसरी कोणती तरी मदत लागते.

आणि एक विनंती. सूनबाई दिवसभर त्याच्याबरोबर असतात. त्यांच्या धास्तीला ‘ऑनलाइन वाचून येणारे खूळ’ म्हणू नका. माझ्या अनुभवात अशी शंका घेऊन आलेली आई क्वचितच पूर्णपणे चुकलेली असते.

प्रश्न : उमरेडहून लिहितो. मुलाची (वय 2 वर्षे 4 महिने) व्हिडिओ तपासणी झाली. तो निम्मा वेळ दिवाणाखाली जाऊन बसला. शेवटी ‘निश्चित सांगता येत नाही, प्रत्यक्ष भेटा’ असे लेखी मिळाले. पैसे पाण्यात गेले असे वाटते.

उत्तर : भाऊ, तुमची चिडचिड समजते, पण ‘निश्चित सांगता येत नाही’ असे लिहून देणाऱ्या तज्ज्ञावर माझा विश्वास वाढतो. व्हिडिओवर तपासलेल्या मुलांपैकी काहींच्या बाबतीत हाच निष्कर्ष निघतो, आणि पद्धतीत त्याला जागा मुद्दाम ठेवलेली आहे. दिवाणाखाली बसणे हीसुद्धा माहिती आहे: तेथे तो एकटाच काय करत होता, तुम्ही वाकून पाहिल्यावर हसला का, बाहेर आणण्यासाठी कोणी काय केल्यावर आला, हे आजच लिहून ठेवा.

त्या अहवालाची प्रत प्रत्यक्ष भेटीला न्या. इतिहास घेऊन झालेला असल्यामुळे तिथला वेळ मुलासाठी उरेल. मधल्या काळात वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जाणे सुरू करा. दोन वर्षे चार महिन्यांच्या, न बोलणाऱ्या मुलाला संवादाची मदत देण्यासाठी निदानाच्या शिक्क्याची वाट पाहावी लागत नाही, आणि ती मदत पुढे स्वमग्नता नाही असे ठरले तरी वाया जात नाही.

प्रश्न : मोबाइलमधील एका ॲपवर मुलीची तीन मिनिटांची चित्रफीत टाकली, ‘ऑटिझमची शक्यता जास्त’ असे उत्तर आले. हे निदान समजावे का? (धरमपेठ)

उत्तर : नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधे व वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या संस्थेने, जून 2021 मध्ये कॅनव्हास डीएक्स या अशा प्रकारच्या सॉफ्टवेअरला परवानगी दिली, तीसुद्धा डॉक्टरच्या निदानाला साहाय्य म्हणून. त्यात पालकांची प्रश्नावली, घरच्या चित्रफितींचे तज्ज्ञांनी केलेले विश्लेषण आणि डॉक्टरांची प्रश्नावली अशा तीन गोष्टी लागतात, आणि त्यातूनही ‘ठरवता येत नाही’ असे उत्तर येऊ शकते. तीन मिनिटांवर छातीठोक उत्तर देणाऱ्या ॲपला यापेक्षा जास्त कळते असे मानायला आधार नाही. मुलीविषयी शंका असेल तर माणसाला दाखवा.

प्रश्न : व्हिडिओवर झालेल्या निदानावर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळते का? (काटोल)

उत्तर : प्रमाणपत्रासाठी मुलाला प्राधिकृत वैद्यकीय मंडळापुढे न्यावे लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, आणि तिचे मोजमाप इसा या 40 बाबींच्या भारतीय मापनश्रेणीवर होते. व्हिडिओ तपासणीचा अहवाल कागदपत्रांत जरूर जोडा, मात्र त्याने मंडळाची तपासणी टळणार नाही.

प्रश्न : मी एटापल्ली तालुक्यातील अंगणवाडी सेविका आहे. आमच्या गावात व्हिडिओ कॉल दोन मिनिटांत तुटतो. एका मुलाविषयी मला शंका आहे. घरात माडिया बोलतात. आमच्यासाठी काही मार्ग आहे का?

उत्तर : आहे, आणि त्यातला मोठा वाटा तुमचाच असेल. कॉल टिकत नसेल तर चित्रण करून नंतर पाठवता येते. या प्रकारच्या पद्धतीत पालक घरी मुलाचे चार प्रसंग, प्रत्येकी दहा मिनिटांपर्यंत, टिपतात: जेवताना, इतरांबरोबर खेळताना, एकटे खेळताना, आणि पालकांना ज्या वागण्याची काळजी वाटते ते. तज्ज्ञ सवडीने, पुन्हा पुन्हा थांबवून ते पाहते. चित्रण पालकांच्याच मोबाइलवर करा, त्यांना हेतू समजावून संमती घ्या, आणि ते गावच्या किंवा कामाच्या कोणत्याही ग्रुपवर टाकू नका. तुमच्या हेतूवर संशय नाही. पण एकदा बाहेर गेलेली चित्रफीत मूल मोठे झाल्यावरही फिरत राहते.

पुढचा बोलण्याचा भाग तालुक्याच्या ठिकाणी, जेथे नेटवर्क मिळते तेथून, करता येईल. केंद्र सरकारने मार्च 2020 मध्ये काढलेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार 16 वर्षांपर्यंतच्या रुग्णाबरोबर ओळख पटवलेली प्रौढ व्यक्ती हवी. म्हणून आई किंवा वडील तेथे असलेच पाहिजेत, तुम्ही एकट्या पुरणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. त्याच्यामार्फत मुलाचे नाव जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे मोफत तपासणीसाठी पाठवा, म्हणजे कान-डोळ्यांची तपासणीही होईल.

भाषेचा मुद्दा तुम्ही जाता जाता लिहिला आहे, पण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मला माडिया येत नाही. मूल जे आवाज काढते त्यांत शब्द आहेत की नुसता नाद, हे मी नागपुरात बसून सांगू शकत नाही. आणि आई प्रश्नाला मान डोलावते तेव्हा ते ‘होय’ आहे की पाहुण्या बाईला वाईट वाटू नये म्हणून, हेही मला कळत नाही. प्रश्न तुम्ही त्यांच्या भाषेत, चुलीपाशी बसून विचारा. ‘तो बोट दाखवतो का?’ एवढेच विचारू नका. ‘काल त्याला पाणी हवे होते तेव्हा त्याने काय केले?’ असे विचारा, आणि आईने जे सांगितले ते तिच्याच शब्दांत लिहून, शेजारी मराठी अर्थ देऊन पाठवा.